मधलं दार

कुरोनुमा शिगेकी यांचं आयुष्यात कोणाशी भांडण झालेलं नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतः कधी कोणाला सांगितलं नसलं तरी मनातून त्यांना त्याचा अभिमान होता. चौपन्न वर्षांत शेजाऱ्याशी नाही, साहेबाशी नाही, आंघोळीचं पाणी किती गरम असावं यावरून बायकोशीसुद्धा नाही. अशा माणसाचं रेल्वेच्या नव्याकोऱ्या गाडीशी वाकडं यावं, हे जरा विशेषच.

झालं असं, की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिनोकिदाई स्टेशनच्या जिन्यापाशी एक भलंमोठं रंगीत पत्रक लागलं. एक ऑक्टोबरपासून सकाळी सात बाराला नव्या बनावटीची गाडी येणार. बाकावर दर माणशी दोन सेंटिमीटर जास्त जागा, दारांवर बातम्या दाखवणारे पडदे, आवाज कमी, वीज कमी, आणि प्रत्येक डब्याला तीनाऐवजी चार दारं. ‘चढणं-उतरणं आता अधिक सुखाचं!’ खाली गाडीचं चित्र होतं आणि ते हसत होतं. खरंच हसत होतं. दिव्यांच्या खाली कोणीतरी हौसेने तोंड काढलं होतं.

लोक थांबत होते, ‘अरे वा’ म्हणत होते आणि पुढे जात होते. कुरोनुमा मात्र तिथेच खिळले. खिडक्यांचे पडदे शिवणाऱ्या कंपनीत मापं घ्यायची वीस वर्षं नोकरी केल्यामुळे लांबी-रुंदीचा हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआप होत असे. तीन दारं असली की एक पुढे, एक मागे आणि एक बरोबर मधे. चार दारं असली की दोन अलीकडे, दोन पलीकडे. मग मधे काय? मधे भिंत. एक खिडकी आणि तिच्याखाली सात माणसांचं बाक.

आणि पाचव्या डब्याचं मधलं दार हे कुरोनुमांचं दार होतं.

‘त्यांचं’ म्हणजे कागदोपत्री नव्हे. पण एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी माणूस एकाच पांढऱ्या खुणेमागे उभा राहत असेल, तर मालकी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? त्या खुणेमागे पहिले उभे असत छत्रीवाले. ऊन असो, पाऊस असो, हातात काळी छत्री. दुसरे कुरोनुमा. तिसऱ्या पिवळ्या स्कार्फच्या बाई. चौथा शाळकरी. शाळकरी पहिल्यांदा आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला शाळेचा काळा कोट घालून यायचा. आता तो चौतिसाचा झाला होता, बोटात लग्नाची अंगठी होती, डोक्यावर विरळ व्हायला लागलं होतं, पण कुरोनुमांच्या मनात तो शाळकरीच होता. बाकीची नावंही त्यांच्या मनातलीच. खरी नावं माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण एकोणीस वर्षांत हे चौघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

याचा अर्थ ओळख नव्हती असा मात्र कोणी घेऊ नये. एका जानेवारीत बाई सुतकाच्या काळ्या कपड्यात आल्या, तेव्हा सगळे आठवडाभर गप्प उभे राहिले. एरवीही ते गप्पच असत, पण ते गप्प वेगळं. आणि कुरोनुमांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सहा दिवस रजा पडली, सातव्या दिवशी ते जिन्यावरून खाली उतरताना बघतात तर काय, छत्रीवाले, मग एका माणसाएवढी रिकामी जागा, मग बाई, मग शाळकरी. सहा दिवस ती जागा कोणी भरलीच नव्हती. कुरोनुमांनी जिन्यावरच थांबून चष्मा पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

आता भिंत आल्यावर हे चौघं जाणार कुठे? डावीकडे दुसऱ्या दाराला, की उजवीकडे तिसऱ्या? एकजण इकडे आणि एकजण तिकडे गेला तर?

रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या पत्नी फुसाएबाई पेअर सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“अहो, मग विचारून टाका ना! ‘तुम्ही डावीकडे की उजवीकडे?’ एवढंच.”

“अगं, ओळख ना पाळख, असं एकदम कसं विचारायचं?”

“एकोणीस वर्षं झाली.”

“म्हणून तर! पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर खपून गेलं असतं. आता विचारलं तर त्यांना वाटेल, हा माणूस एकोणीस वर्षं बोलायची संधी शोधत होता.”

“शोधतच होतात की,” फुसाएबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या तोंडात पेअरची फोड कोंबली.

सभ्य माणसाला पहिला मार्ग सुचतो तो अर्जाचा. कुरोनुमांनी स्टेशनातल्या सूचनापेटीत चिठ्ठी टाकली की पाचव्या डब्याच्या मधल्या दाराच्या जुन्या प्रवाशांनी कोणत्या दाराकडे जाणं अपेक्षित आहे, ते कळवावं. तीन दिवसांत उत्तर आलं. सहायक स्टेशनमास्तर हिराइवा यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या दहा ओळींत, आपल्या प्रदीर्घ पसंतीस उतरलेल्या दारास आपण मुकणार याबद्दल अंतःकरणापासून क्षमा मागितली होती. अकराव्या ओळीत म्हटलं होतं, ‘दुसरे अथवा तिसरे दार इच्छेनुसार वापरावे.’

इच्छेनुसार! माणसाला इच्छेनुसार वागायला सांगण्याइतकी मोठी अडचण दुसरी नाही.

त्याच संध्याकाळी शेजारच्या त्सुबाकिहाराकाकू आळीची सूचनांची फळी घेऊन आल्या. ही फळी घरोघर फिरते. प्रत्येकाने आतला कागद वाचून आपला शिक्का उमटवायचा आणि पुढच्या घरी द्यायची. काकूंनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती, आळीच्या रहिवासी मंडळाचं प्रमुखपद त्यांच्याकडे लागोपाठ चौथ्या वर्षी आलं होतं, आणि दुसऱ्याची अडचण दारातूनच हुंगण्याचं कसब त्यांच्याकडे होतं. फुसाएबाईंनी चहा ठेवेपर्यंत काकूंना सगळं कळलं होतं.

“कुरोनुमासान, यात अवघड काय आहे? घर बदलतोय असं समजा. घर बदलताना आपण काय करतो? जुन्या शेजाऱ्यांना टॉवेल देतो. टॉवेलच्या कागदावर नवा पत्ता छापतो. बोलायची गरजच काय? टॉवेल बोलतो!”

कुरोनुमांना एकदम मोकळं वाटलं. फुसाएबाई म्हणाल्या, “तीन टॉवेल काय, मीच आणते.” पण छापील पट्टीचे टॉवेल करून देणाऱ्या दुकानात पन्नासाच्या खाली काम घेत नव्हते. दुकानातल्या मुलीने विचारलं, “प्रसंग काय लिहू? लग्न, बारसं, आजारातून उठणं, दुकान उघडणं?” कुरोनुमा म्हणाले, “दार बदलणं.” तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ‘स्थलांतर’वर खूण केली.

पट्टीवर मजकूर होता: ‘आजवरच्या स्नेहाबद्दल आभार. एक ऑक्टोबरपासून: पाचवा डबा, तिसरं दार. कुरोनुमा.’ तिसरं का, तर शेवटच्या स्टेशनात ते सरकत्या जिन्यासमोर थांबणार होतं, आणि वसंतापासून पिवळ्या स्कार्फच्या बाईंचा डावा गुडघा दुखत होता. त्यांनी सांगितलं नव्हतं. पण ज्या पाठमोऱ्या चालीकडे आपण एकोणीस वर्षं बघतो, तिचा गुडघा आपल्याला कळतो.

सोमवारी सकाळी सात वाजून सात मिनिटांनी कुरोनुमांनी कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी, एकेकाला टॉवेल दिला. छत्रीवाल्यांनी छत्री काखेत धरून दोन्ही हातांनी घेतला. बाईंनी घेतला. शाळकऱ्याने घेतला आणि त्याचे कान लाल झाले. देणाऱ्यासमोर वस्तू उघडून बघणं बरं दिसत नाही म्हणून तिघांनीही टॉवेल तसेच पिशवीत ठेवले. कोणी बोललं नाही. सगळं अगदी यथासांग पार पडलं.

इथे थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण घरी सत्तेचाळीस टॉवेल शिल्लक होते, आणि त्सुबाकिहाराकाकूंची मात्रा अजून संपलेली नव्हती.

“आणि नव्या शेजाऱ्यांचं काय?” त्या म्हणाल्या. “राहायला जायचं तिथेही द्यायला नको? उद्या म्हणतील, आला आणि घुसला.”

काकूंचं म्हणणं बिनतोड होतं. मागच्या दाराच्या रांगेतले अर्धे लोक नव्या गाडीत तिसऱ्या दाराला येणार, म्हणजे ते शेजारीच. मंगळवारी कुरोनुमांनी त्या रांगेत अकरा टॉवेल वाटले. त्या लोकांनी कुरोनुमांचा गडद कोट पाहिला, टॉवेलवरचा ‘एक ऑक्टोबरपासून’ वाचला आणि निष्कर्ष काढला की रेल्वे कंपनी नव्या गाडीनिमित्त टॉवेल वाटते आहे. बुधवारी पाचव्या डब्यासमोर साठ माणसांची शिस्तबद्ध रांग लागली. एकही माणूस ढकलत नव्हता. शेपटाच्या टोकाला उभ्या असलेल्यांना आपण कशासाठी उभे आहोत हे माहीत नव्हतं, पण रांग इतकी नीट होती की काहीतरी चांगलंच असणार, असं त्यांना वाटत होतं. एका आजींनी कुरोनुमांची बाही धरली. “अहो साहेब, माझ्या टॉवेलवर गाडीचं चित्र नाही. बदलून द्या.”

तेवढ्यात पांढरे हातमोजे घातलेले हिराइवा आले आणि कुरोनुमांसमोर वाकले. कुरोनुमाही वाकले. दोघं बराच वेळ वाकून होते.

“वाटप थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही,” हिराइवा जमिनीकडे बघत म्हणाले. “फक्त, वाटप झालं नाही तर आम्ही आपले फार आभारी राहू.”

“माझ्यामुळे आपल्याला फार त्रास झाला.”

“छे छे, आमच्याच पत्रकात कमतरता राहिली. पण वाटपच करायचं असेल तर एक अर्ज असतो.”

अर्ज नेऊ नये हे कळण्याइतके कुरोनुमा शहाणे होते. पण समोरच्याने दोन्ही हातांनी पुढे केलेला कागद नाकारायचा कसा? अर्ज घरी आला. त्यात जागेचा नकाशा, वाटपाचा हेतू, अपेक्षित गर्दी, सुरक्षेची व्यवस्था आणि ‘संस्थेचे नाव व शिक्का’ अशा जागा होत्या. फुसाएबाई म्हणाल्या, “अहो, कशाला भरताय? फेकून द्या!” पण शिक्क्याचा वास लागल्यासारख्या त्सुबाकिहाराकाकू कुंपणापलीकडून हजर झाल्या होत्या.

“संस्था ना? आपलं मंडळ आहे की! तुम्ही निर्धास्त राहा.”

काकूंनी ‘नव्या गाडीचे स्वागत’ असा ठराव सूचनांच्या फळीला लावून सोडला. फळी चोवीस घरं फिरली. प्रत्येकाने नेहमीप्रमाणे न वाचता शिक्का मारला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. रेल्वे कंपनीला रहिवाशांच्या या उत्स्फूर्त प्रेमाने भरून आलं. कंपनीने कळवलं की पहिल्या दिवशी सात बाराच्या गाडीचं फलाटावर छोटंसं स्वागत करू, आणि मोटरमनला गुच्छ देण्याचा मान, ज्यांच्या मनात ही कल्पना प्रथम आली त्या कुरोनुमासान यांना देऊ. पहिल्या डब्यासमोर.

पहिल्या डब्यासमोर! पाचव्यापासून ऐंशी मीटर लांब.

“त्या दिवशी मला जरा अवघडच आहे,” कुरोनुमा काकूंना म्हणाले. त्या भागात कोणी ‘जरा अवघड आहे’ म्हटलं की ते ‘मेलो तरी करणार नाही’ असं समजायचं असतं. काकूंना हे पंचाहत्तर वर्षांपासून माहीत होतं.

“किती तो विनय!” त्या म्हणाल्या आणि खांद्यावरून आडवा घ्यायच्या पट्ट्यासाठी कुरोनुमांचं माप घेऊ लागल्या.

दरम्यान टॉवेलच्या बदल्यात भेटी येऊ लागल्या होत्या. छत्रीवाल्यांनी भाजलेल्या समुद्रशेवाळाचा डबा दिला, बाईंनी तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, शाळकऱ्याने कॉफीच्या पुड्या. सगळ्यांवर फक्त दुकानाचं वेष्टन, चिठ्ठी नाही, नाव नाही. कोण कुठे जाणार याचा पत्ताच नाही. आणि नवी गाडी यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, भलतंच घडलं. फलाटावर नव्या खुणा आधीच रंगवून त्यांवर राखाडी चिकटपट्टी लावून ठेवली होती. छत्रीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि छत्रीच्या टोकाने अंतर मोजत मोजत ते सहा पावलं चालले. डावीकडे. दुसऱ्या दाराकडे. तिथे उभे राहून त्यांनी खुणेचा अंदाज घेतला, जसा माणूस भाड्याच्या घरात सामान कुठे लावायचं याचा घेतो.

“मी स्वच्छ लिहिलं होतं, तिसरं दार!” कुरोनुमा घरी येऊन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला होता. काकू शेवाळाची चव बघायला बसलेल्याच होत्या.

“अहो, पण तुम्ही निरोपाचा टॉवेल दिलात ना त्यांना,” काकू म्हणाल्या. “‘आजवरच्या स्नेहाबद्दल आभार.’ असा टॉवेल मिळाल्यावर शहाणा माणूस मागे मागे येईल का? त्यांना वाटलं असणार, बिचारे वेगळे व्हायचं म्हणतायत, मोकळीक देऊ या.”

“तुम्हीच तर सांगितलं होतंत टॉवेल द्या म्हणून!”

“मी सांगितलं खरं. पण मी काय, दिवसभर सांगतच असते.” काकूंनी शेवाळाचं आणखी एक पान उचललं. “छान आहे हो. ते गृहस्थ चांगल्या घरचे दिसतात.”

त्या रात्री कुरोनुमा अंथरुणात बराच वेळ छताकडे बघत होते. दारातली जागा जाणार याचं दुःख नव्हतंच. पण स्वतःच्या हाताने, पन्नास टॉवेल छापून, आपण त्या तिघांना ‘माझ्या मागे येऊ नका’ असं कळवलं होतं. आणि आता खुलासा करायलाही आपण तिथे नसणार.

“उद्या सांगा त्यांना,” फुसाएबाई अंधारात म्हणाल्या.

“काय सांगू?”

“की टॉवेल चुकला.”

“असं कसं सांगायचं गं? त्यांनी वापरला असेल तो.”

एक ऑक्टोबर उजाडला. आकाश स्वच्छ होतं, काकूंच्या दंडावर हिरवी फीत होती, मंडळाचे सातजण कागदी झेंडे घेऊन उभे होते. कुरोनुमांच्या अंगावर ‘हार्दिक स्वागत’ असा पांढरा पट्टा आणि हातात गुच्छ. गर्दीवरून टाचा उंचावून त्यांनी पाचव्या डब्याच्या दिशेने पाहिलं, पण मधे झेंडे होते.

गाडी आली. आली म्हणजे समोर उभीच दिसली, इतका आवाज कमी. काय सुंदर गाडी होती! नाकाडापासून शेपटापर्यंत ताज्या धुतलेल्या भांड्यासारखी लखलखीत. रागावायचं ठरवून आलेल्या कुरोनुमांचाही राग पुरा झाला नाही. त्यांनी गुच्छ दिला, मोटरमनने टोपीला हात लावला, काकूंनी टाळ्या सुरू केल्या. आता ठरल्याप्रमाणे कुरोनुमांनी मागे सरून, वाकून, गाडीला निरोप द्यायचा होता आणि ऑफिसला पुढच्या गाडीने जायचं होतं.

सुटण्याची धून वाजायला लागली. कुरोनुमा वाकले. वाकल्या वाकल्या त्यांना आपल्या बुटांच्या पलीकडे उघडं दार दिसलं.

“कुरोनुमासान!” काकू ओरडल्या. “अहो, तुम्ही जायचं नाहीये! आणि फोटो?”

धावत चढू नये, अशी हिराइवांच्याच आवाजातली सूचना फलाटावर चालू होती. म्हणून कुरोनुमा धावले नाहीत. धावणं आणि चालणं यांच्या मधलं काहीतरी करून ते आत शिरले. हिराइवांनी त्या क्षणी नेमकं आपल्या घड्याळाकडे पाहिलं. दार मिटलं आणि पट्ट्याचं टोक बाहेर राहिलं नाही, ही नव्या गाडीची कृपा.

आता पाचवा डबा. गच्च भरलेल्या गाडीत चार डबे ओलांडायचे म्हणजे किमान दोनशे वेळा माफी मागायची. कुरोनुमा एकेका काचेच्या दारातून ‘माफ करा, माफ करा’ म्हणत पुढे सरकू लागले. त्या दिवशी त्यांना वाट मात्र सहज मिळत होती. दुसऱ्या डब्यात लोक आपण होऊन बाजूला झाले. तिसऱ्यात एका गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला. “या खेपेला मत तुम्हालाच. फक्त आमच्या गल्लीतल्या दिव्याचं बघा.” आडवा पट्टा घालून सकाळी सकाळी लोकांपुढे वाकत फिरणारा माणूस निवडणुकीला उभा असणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती. चौथ्या डब्यापर्यंत कुरोनुमांनी तीन दिवे आणि एका गटाराचं आश्वासन दिलं होतं, कारण ‘नाही’ म्हणायला वेळ नव्हता.

पाचवा डबा. दुसऱ्या दारापाशी छत्री दिसली. छत्रीवाले एकटेच उभे होते आणि मान लांब करून उजवीकडे बघत होते. पलीकडे तिसऱ्या दारापाशी पिवळा स्कार्फ होता, आणि बाई मान लांब करून डावीकडे बघत होत्या. आणि शाळकरी? शाळकरी दोन्ही दारांच्या बरोबर मधे, खिडकीसमोर, सात माणसांच्या बाकापुढे दोन्ही हातांनी दोन कड्या धरून उभा होता. कोणाच्या मागे जायचं हे न ठरल्यामुळे तो शेवटच्या क्षणापर्यंत फलाटावर भिंतीसमोरच उभा होता, हे कुरोनुमांना त्याच्या लाल कानांवरून कळलं.

कुरोनुमा त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वरची कडी धरली. पट्टा कोटाखाली कोंबायचा राहूनच गेला.

पुढच्या स्टेशनाच्या आत, डावीकडून ‘माफ करा, माफ करा’ असा आवाज आला आणि गर्दीतून आधी छत्री आणि मग छत्रीवाले बाहेर पडले. उजवीकडून बाई आल्या. त्यांचा गुडघा सांभाळायला लोकांनी जागा दिली. चौघं एका ओळीत उभे राहिले, कड्या धरून, खिडकीकडे तोंड करून. जिथे कालपर्यंत दार होतं, तिथे. मागे घरांची कौलं, वाळत घातलेल्या गाद्या आणि एक शाळा सरकत गेली. एकोणीस वर्षांत ही शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारण दारापाशी उभं राहिल्यावर समोरच्याची पाठच दिसते.

तिसरं स्टेशन गेल्यावर बाईंनी घसा साफ केला.

“टॉवेल,” त्या खिडकीकडे बघतच म्हणाल्या, “पाणी फार छान शोषतो.”

डब्यात काही बदललं नाही. गाडी चालतच राहिली.

“हो,” छत्रीवाले बऱ्याच वेळाने म्हणाले. “मी दोनदा धुतला. रंग गेला नाही.”

“आमच्याकडे बाळासाठी ठेवलाय,” शाळकरी म्हणाला, आणि त्याचे कान तर असे पेटले की विचारू नका.

कुरोनुमांना खूप काही बोलायचं होतं. तो निरोपाचा नव्हता, दुकानात पट्टीचा मजकूर ठरलेला असतो, तिसरं दार जिन्यासमोर येतं म्हणून लिहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांना सापडलं नाही. ते म्हणाले, “घरी अजून छत्तीस आहेत.”

तिघांनीही, हे फार महत्त्वाचं आहे अशा गंभीर चेहऱ्याने, माना हलवल्या.

संध्याकाळी कुरोनुमा जेवायला बसले तेव्हा फुसाएबाईंना सगळं एकदा, मग त्सुबाकिहाराकाकू आल्यावर पुन्हा एकदा, आणि काकूंनी फोटो हुकल्याबद्दल भरपूर सुनावून झाल्यावर पहिल्यापासून तिसऱ्यांदा सांगून झालं. फुसाएबाईंनी त्यांच्या वाटीत भात वाढला.

“म्हणजे बोललात एकदाचे! मग नावं काय हो त्यांची?”

कुरोनुमांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की इतकी वर्षं संसार करून तिला माणसात वागायची रीत अजून कळू नये याचं त्यांना नवल वाटावं.

“अगं, पहिल्याच दिवशी नाव कसं विचारायचं?”